मालवणच्या उकाड्यातले थंड इंजिन

मालवणात कोणी नवी मोटार घेतली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा. दुसरा प्रश्न लगेच येतो, "अॅव्हरेज किती देता?" आणि पुष्कळदा मालकाचे उत्तर थोडे नाराजीचे असते. माहितीपत्रकात लिटरला वीस किलोमीटर छापलेले असतात. प्रत्यक्षात भरडावरून बाजारपेठ, बाजारपेठेतून बंदर आणि बंदरावरून घर अशा फेऱ्या मारता मारता हाती बाराच लागतात. पण तीच गाडी, तोच चालक, त्याच पंपावरचे पेट्रोल घेऊन चौके, नेरूरपार या मार्गाने कुडाळ स्टेशनला जाऊन आले, तर आकडा सोळापर्यंत चढतो. मग कोणी म्हणते पेट्रोलमध्ये भेसळ आहे, कोणी म्हणते गाडीच वाईट निघाली.

गाडी बहुधा चांगलीच असते. दोष असतो तो प्रवासाच्या लांबीचा. थंड देशांतील मोटारवाल्यांना ही गोष्ट ठाऊक असते, कारण तेथे पहाटे इंजिन बर्फासारखे गार पडलेले असते. पण मालवणात? येथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही स्वेटर फारसा पेटीबाहेर निघत नाही. मे महिन्यात तर रात्रीसुद्धा अंगाला घाम असतो. अशा गावात इंजिन ‘थंड’ कसे राहील?

याचे उत्तर समजण्यासाठी थंड आणि गरम हे शब्द आपल्या अंगावरून ठरवायचे सोडून द्यावे लागतील. इंजिनाची सोय आपल्यापेक्षा वेगळी आहे. चालू इंजिनाभोवती खेळणारे पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असले म्हणजे इंजिनाला बरे वाटते. मालवणच्या सकाळी हवेचे तापमान २८ अंश असेल, तर रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिनही २८ अंशांवरच असते. म्हणजे त्याला अजून सुमारे ६० अंश चढायचे आहेत. युरोपात शून्य अंशाच्या सकाळी ९० अंश चढावे लागतात, एवढाच फरक. आपली चढण त्यांच्यापेक्षा लहान आहे, पण ती आहेच.

एक कप चहासाठी चूल

तुमच्या घरी किंवा आजोळी लाकडाची चूल असेल तर आठवून पाहा. एक कप चहा करायचा असला तरी चूल पेटवावी लागते. सुरुवातीची काटक्या-चुडतांची जाळणी धुरातच जाते, चुलीचे दगडमाती तापायला वेळ लागतो आणि विस्तव चांगला धरतो तोवर चहा झालेलाही असतो. त्याच चुलीवर लगेच भाताचे तपेले चढवले, तर लाकूड कितीतरी कमी लागते. म्हणून जुन्या बायका चूल एकदा पेटली की चहा, भात, आमटी आणि आंघोळीचे पाणी एका पाठोपाठ एक उरकून घेत. लहान फेरी म्हणजे एक कप चहासाठी पेटवलेली चूल होय.

परंतु उपमा येथवरच पुरते. इंजिनात नेमके काय घडते ते पाहण्यापूर्वी थोडा हिशेब करू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना विशिष्ट उष्मा ठाऊक आहे. समजा, लहान मोटारीच्या इंजिनात ८० किलोग्रॅम धातू आहे, थोडे लोखंड, थोडे अॅल्युमिनियम. त्याचा सरासरी विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला, दर अंशाला ०.६ किलोज्यूल धरू. ६० अंशांसाठी लागणारी उष्णता ८० × ०.६ × ६० म्हणजे २,८८० किलोज्यूल. शीतक पाणी ४ किलोग्रॅम, त्याला सुमारे ८६० किलोज्यूल. वंगणाचे तेल ३ किलोग्रॅम, त्याला ३६० किलोज्यूल. बेरीज झाली ४,१०० किलोज्यूल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे इंजिन तापवायला लागणारी उष्णता साधारण १३० मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते.

तर मग प्रत्येक थंड सुरुवातीला १३० मिलिलिटर पेट्रोल जादा जळते, असे म्हणायचे का? नाही. पुष्कळ लोक येथेच फसतात. गरम झालेल्या इंजिनातसुद्धा पेट्रोलच्या उष्णतेचा फार तर चौथा ते तिसरा हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुरांड्यातून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. थंड इंजिन ज्या उष्णतेने तापते ती पुष्कळशी हीच फुकट जाणारी उष्णता असते. कुडाळच्या वाटेवर जी रेडिएटरने हवेत फेकली असती, ती सुरुवातीला धातूने पिऊन टाकली, एवढेच. तिचे वेगळे बिल येत नाही. बिल येते ते इंजिन तापेपर्यंत ते ज्या वाईट रीतीने काम करते त्याचे.

पेट्रोल जळत नाही, वाफ जळते

चुलीत ओले लाकूड घातले तर ते धुमसते. आधी त्यातले पाणी जावे लागते, मग लाकूड पेट घेते. पेट्रोलचेही काहीसे असेच आहे. द्रव पेट्रोल सिलिंडरात जळत नाही. त्याची वाफ व्हावी लागते, ती हवेत नीट मिसळावी लागते, आणि मग ठिणगी पडली की मिश्रण पेटून दट्ट्या खाली ढकलला जातो. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण असले की दोन्हींचा हिशेब बरोबर जुळतो.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांना उकळू लागतात, जड घटकांना जवळजवळ २०० अंश लागतात. इंजिन गरम असते तेव्हा फवाऱ्याचे थेंब तापलेल्या झडपेवर पडताच त्यांची वाफ होते. इंजिन २८ अंशांवर असताना हलके घटक उडतात आणि जड घटक आत जाण्याच्या नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओला थर धरून बसतात. ठिणगीच्या वाट्याला अपुरी वाफ येते. त्यामुळे पुरेशी वाफ मिळावी म्हणून जरुरीपेक्षा अधिक पेट्रोल सोडावे लागते. त्यातले काही जळते, काही अर्धवट जळते, काही न जळताच धुरांड्यातून बाहेर पडते आणि थोडे भिंतीवरून ओघळून वंगणाच्या तेलात उतरते.

अॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या एखाद्या काकांना विचारा, ते तुम्हाला ‘चोक’ खेचण्याची गोष्ट रंगवून सांगतील. डॅशबोर्डाखालचा खटका ओढला की कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली पत्र्याची चकती मिटे, हवा कमी होई आणि पेट्रोल अधिक ओढले जाई. खटका परत ढकलायला विसरले की गाडी काळा धूर ओकत बाजारभर फिरे! आजच्या गाड्यांत तो खटका नाही. पाण्यात बुडवलेला एक तापमापक इंजिनाच्या संगणकाला तापमान कळवतो आणि संगणक ठरवतो की फवारा किती वेळ उघडा ठेवायचा. खटका गेला, चोक गेला नाही. तो आपल्याला दिसेनासा झाला, इतकेच.

यात अलीकडे आणखी एक गोष्ट मिळाली आहे. २०२३ साली २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशातील पंपांवर येऊ लागले आणि २०२५पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, आणि त्याची वाफ होण्यासाठी दर किलोग्रॅमला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. साहजिकच थंड इंजिनात ते आणखी नाखुशीने उडते. शिवाय एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे टाकीतल्या प्रत्येक लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी भरते. मात्र ही घट लांबच्या प्रवासालाही लागू आहे. बाजारातल्या फेरीचे सगळे खापर इथेनॉलवर फोडणे बरोबर नव्हे.

खोबरेल आणि इंजिन ऑइल

थंडीच्या दिवसांत सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते. इंजिनाचे वंगण असे थिजत नाही, परंतु तापमान उतरले की ते दाट मात्र होते. द्रवाच्या या दाट-चिकटपणाला श्यानता म्हणतात. लहान मोटारीत घालतात त्या प्रकारच्या एका नेहमीच्या वंगणाची श्यानता १०० अंशांना १० एकक धरली, तर ४० अंशांना ती ६० एककांच्या घरात जाते. म्हणजे सहापट. २८ अंशांना त्याहूनही अधिक.

आता विचार करा. सिलिंडरात दट्ट्ये मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतात, त्यांना जोडलेला दांडा फिरतो, पंप तेल ढकलतो. हे सगळे दाट तेलातून चालले आहे. काकवीत पळी फिरवणे आणि ताकात पळी फिरवणे यांत जो फरक, तोच येथे. घर्षणावर मात करण्यात इंजिनाची ताकद खर्च होते आणि चाकांपर्यंत पोहोचणारी ताकद घटते. त्यात आणखी अडचण अशी, की तेल पाण्याइतके झटपट तापत नाही. डॅशबोर्डावरची तापमानाची सुई मध्यावर आली तरी खालच्या तबकातले तेल अजून निम्म्या वाटेवर असते. गिअरबॉक्सचे तेल त्याच्याही मागे. सुई मध्यावर आली म्हणजे इंजिन पूर्ण तापले, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

सुईचा विषय निघालाच आहे तर इंजिनातील एका छोट्या वस्तूची ओळख करून घेऊ. तिचे नाव थर्मोस्टॅट. ही एक झडप असते आणि तिच्या पोटात मेण भरलेले असते. पाणी थंड असताना झडप मिटलेली असते. त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घोटाळत राहते आणि लवकर तापते. तापमान ८२ ते ८८ अंशांच्या आसपास गेले की मेण वितळते, फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. ना वीज, ना संगणक. वितळताना मेण प्रसरण पावते एवढ्या एका गुणधर्मावर हे काम कित्येक वर्षे बिनबोभाट चालते. कधी कधी "आपल्याकडे कसली थंडी?" असे म्हणून गॅरेजमध्ये ही झडप काढूनच टाकतात. मग पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिन तापायला फार वेळ घेते, आणि लहान फेऱ्यांत तर ते कधीच पुरते तापत नाही. उष्ण गावात थर्मोस्टॅट अनावश्यक असतो, हा शुद्ध गैरसमज आहे.

फेरी आणि फी

आता पुन्हा अॅव्हरेजकडे वळू. कागद-पेन्सिल घ्या. पुढील आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील. समजा, पुरते तापलेले इंजिन दर किलोमीटरला ६० मिलिलिटर पेट्रोल घेते. म्हणजे लिटरला १६.७ किलोमीटर. थंड इंजिन पहिल्या किलोमीटरला ३० मिलिलिटर जादा घेते, दुसऱ्याला त्याच्या निम्मे म्हणजे १५, तिसऱ्याला ७.५, आणि असेच निम्मे-निम्मे होत जाते. ही भूमिती श्रेढी आहे. कितीही पदे घेतली तरी तिची बेरीज ६० मिलिलिटरच्या पुढे जात नाही. या ६० मिलिलिटरला आपण थंड सुरुवातीची फी म्हणू.

फेरी १ किलोमीटरची असेल तर पेट्रोल लागले ९० मिलिलिटर, म्हणून अॅव्हरेज ११.१. फेरी २ किलोमीटरची असेल तर १६५ मिलिलिटर, अॅव्हरेज १२.१. पाच किलोमीटरला सुमारे ३५८ मिलिलिटर, अॅव्हरेज १४. दहा किलोमीटरला ६६० मिलिलिटर, अॅव्हरेज १५.२. आणि ३० किलोमीटरला, म्हणजे मालवणहून साधारण कुडाळपर्यंत, १,८६० मिलिलिटर, अॅव्हरेज १६.१. फी तीच आहे. लांबच्या प्रवासात ती पुष्कळ किलोमीटरांत वाटली जाते, आखूड फेरीत एक-दोन किलोमीटरांनाच ती सोसावी लागते. मालकाचे बारा आणि सोळा हे दोन्ही आकडे खरे होते!

येथे एका गोष्टीची सरमिसळ करू नका. थंड इंजिन सुरू करणे आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "बंद-चालू केले की जास्त पेट्रोल खाते" असे सांगून दुकानासमोर इंजिन तसेच धडधडत ठेवणारे लोक असतात. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला जेमतेम दहा सेकंद जागेवर चालू ठेवण्याइतके पेट्रोल लागते. उलट, लहान मोटारीचे इंजिन जागेवर उभे राहून मिनिटाला १० ते १३ मिलिलिटर पिते. पाच मिनिटे तसे ठेवले की आपण वर काढलेली एक पूर्ण फी भरून होते, आणि गाडी तसूभरही पुढे सरकलेली नसते.

याच कारणाने सकाळी अंगणात पाच मिनिटे इंजिन ‘गरम करत’ ठेवण्याची सवयही आता जुनी झाली. चोकच्या काळी तिला अर्थ होता. आजच्या गाडीत काही सेकंद थांबून हलक्या पायाने निघावे हे उत्तम. बोजा ओढताना इंजिन जागेवर असण्यापेक्षा कितीतरी लवकर तापते.

कुंभारमाठची चढण

मालवण गाव समुद्राला लागून सखल भागात आहे. कसाल किंवा कुडाळच्या दिशेला निघालात की कुंभारमाठला जाताना रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो. म्हणजे घरून निघाल्यावर इंजिन थंड आहे तोवरच चढण येते.

चढणीची किंमतही शाळेतल्या सूत्राने काढता येते. माणसांसह १,००० किलोग्रॅमची गाडी ५० मीटर उंच चढवायला १,००० × ९.८ × ५० म्हणजे ४,९०,००० ज्यूल कार्य करावे लागते. पेट्रोलच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा कामी येतो असे धरले, तर यासाठी सुमारे ६० मिलिलिटर पेट्रोल हवे. पुन्हा तोच आकडा आला, हा निव्वळ योगायोग. परंतु त्यावरून दोन्ही खर्च एकाच मापाचे आहेत हे कळते. उतरताना यातले काही परत मिळते, कारण गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की आजची इंजिने पेट्रोलचा फवारा बंद करतात. मात्र वळणावळणावर ब्रेक दाबत उतरलात तर ती ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जाते.

आणि मे महिन्यातली दुसरी फी वेगळीच. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ चढते. आत बसताच एसी पूर्ण जोरावर लावला जातो. त्याचा पंप इंजिनच फिरवते. पहिली काही मिनिटे एसी तुम्हाला गार करत नसतो, तो सीट, छत आणि डॅशबोर्ड गार करत असतो. ते गार होईतो बाजार येतो, तुम्ही उतरता, आणि गाडी पुन्हा उन्हात तापत राहते. थंड देशातल्या मोटारीला थंडीचा दंड असतो. आपल्याकडे तो कमी, पण त्याची भरपाई उन्हाळा करून घेतो. निघताना चारही काचा उघडून शे-दोनशे मीटर जावे, आतली तापलेली हवा फुकटात बाहेर जाते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे पाहिले तर आपली स्थिती कळते. शहरातल्या वाहतुकीत २५ अंशांना जे अॅव्हरेज मिळते, ते उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि पाच-सहा किलोमीटरच्या लहान फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते, असे तेथील चाचण्यांत दिसले. गंमत अशी, की त्यांच्या तुलनेतला ‘चांगला’ दिवस म्हणजे आपली मालवणची जानेवारीतली सकाळ.

माहितीपत्रकातला आकडा कोठून येतो?

आपल्या देशात मोटारींची चाचणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे. तेथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत. ती रुळांवर उभी करतात, चाके फिरतात आणि रूळ फिरतात, गाडी जागेवरच असते. चालकाने कोणत्या सेकंदाला किती वेग ठेवायचा हे आधीच ठरलेले असते. ही दौड जवळजवळ २० मिनिटांची आणि सुमारे १०-११ किलोमीटरची असते. दौडीपूर्वी गाडी कित्येक तास २० ते ३० अंशांच्या खोलीत ठेवलेली असते, म्हणजे सुरुवात थंड इंजिनानेच होते. पेट्रोलही मापट्याने मोजत नाहीत. धुरात कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन किती निघाले ते मोजतात आणि त्यांतल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळले ते काढतात. रसायनशास्त्रातील समीकरण संतुलित करण्याचा किती व्यवहारी उपयोग पाहा!

तेव्हा छापलेला आकडा खोटा नसतो. तो एका ठरावीक, १०-११ किलोमीटरच्या, एसी, खड्डे आणि चढण नसलेल्या प्रवासाचा असतो. भरड ते बंदर हा तो प्रवास नव्हे.

शाळेच्या फाटकाशी

एवढा वेळ आपण पैशाचाच हिशेब केला. पण लहान फेरीत आणखी एक नुकसान होते आणि ते गाडीच्या मालकापेक्षा रस्त्यावरच्या माणसाला अधिक भोवते.

मोटारीच्या धुरांड्यात उत्प्रेरक बसवलेला असतो. आपल्या देशात १९९५ सालच्या एप्रिलपासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिशाने उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. मात्र तो जागा होतो २५० ते ३०० अंशांना. तोवर धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर जातो. उत्प्रेरक लवकर तापावा म्हणून संगणक सुरुवातीला इंजिन मुद्दाम जरा जोरात फिरवतो आणि ठिणगी उशिरा पाडतो. म्हणजे ताकद कमी, धूर अधिक गरम. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले मिनिटभर आवाज चढलेला असतो तो यामुळे. तेथेही थोडे पेट्रोल जाते.

एका लहान फेरीत जेवढा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल बाहेर पडते, त्यातले बहुतेक पहिल्या एक-दोन मिनिटांतलेच असते. आता सकाळी एक किलोमीटरवरून मुलांना पोहोचवायला आलेल्या मोटारींची शाळेच्या फाटकाशी लागलेली रांग डोळ्यांसमोर आणा. उत्प्रेरक नुकता कोठे जागा होतो आहे, इंजिने चालू आहेत, आणि धुरांड्यांची तोंडे पाचवीतल्या मुलांच्या साधारण गुडघ्याच्या उंचीवर आहेत. याच अंतरावरून चालत आलेला मुलगा तो धूर घेतो आणि मोटारीतून उतरलेलाही.

गाडीचे नुकसान वेगळेच. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. हे खरे वाटत नाही, पण ऑक्टेनचे समीकरण मांडून पाहा. गरम धुरांड्यातून हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. थंड धुरांड्यात ते थेंब होऊन साचते. सकाळी गाडीमागे जमिनीवर ठिबकलेले पाणी तुम्ही पाहिले असेल. आखूड फेरीत सायलेन्सर तापून वाळतच नाही, आतून गंजतो. मालवणात बाहेरून खारा वारा आहेच, म्हणजे दोन्हीकडून हल्ला! वंगणात उतरलेले पेट्रोल आणि पाणीही तेल चांगले तापले तरच उडून जाते. म्हणून गाड्यांच्या पुस्तिकांत पुष्कळदा अशी सूचना असते, की सतत लहान फेऱ्या होत असतील तर किलोमीटर भरण्याची वाट न पाहता तेल लवकर बदलावे. ती सूचना फारसे कोणी वाचत नाही.

कामे एका फेरीत

समजा, एका घरातून दिवसाला तीन वेगवेगळ्या वेळी, प्रत्येकी २ किलोमीटरच्या फेऱ्या होतात. सकाळी मासळी, दुपारी बँक, संध्याकाळी किराणा. मधल्या तीन-चार तासांत इंजिन पुष्कळसे निवते. आपल्या हिशेबाने पेट्रोल लागले १६५ × ३, म्हणजे ४९५ मिलिलिटर. तीच कामे एका ४ किलोमीटरच्या फेरीत झाली तर २४० अधिक ५६, म्हणजे २९६ मिलिलिटर. दिवसाला १९९ मिलिलिटर वाचले. महिन्याला जवळजवळ ६ लिटर. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर सव्वासहाशे रुपये. (मासळी दुपारपर्यंत बँकेसमोर गाडीत ठेवायची का, हा प्रश्न घरच्यांनी सोडवायचा आहे. मासळी शेवटी घ्यावी!) फेरीत सर्वांत लांबचे ठिकाण आधी घेतले तर इंजिन एकदाच नीट तापते आणि पुढचे थांबे दहा-पंधरा मिनिटांचे असतील तर ते गरमच राहते.

दिवसभर गावात फिरणाऱ्या रिक्षाचे इंजिन सकाळची पहिली फी भरते आणि मग गरमच असते. तुमच्या दृष्टीने तो एक किलोमीटरचा प्रवास असतो, इंजिनाच्या दृष्टीने मात्र दिवसभराच्या लांब प्रवासाचा तुकडा. स्कूटरचे इंजिन इतके लहान, की त्याची फीही लहान. सायकलला ती मुळीच नाही. विजेच्या मोटारीत तापवायचे इंजिनच नसते, त्यामुळे मालवणच्या हवेत तिला लहान फेरीचे काही वाटत नाही. फक्त एसीचा खर्च तिलाही चुकत नाही.

तुम्ही करून पाहा

पहिला प्रयोग शाळेतला. लांब परीक्षानळीत इंजिनाचे वंगण भरा आणि सायकलच्या बेअरिंगमधली लहान गोळी त्यात सोडा. तळाशी पोहोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग नळी गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे उभी ठेवा आणि पुन्हा मोजा. तेल थेट ज्योतीवर तापवू नका, आणि शिक्षक जवळ असल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

दुसरा प्रयोग घरचा, दोन महिन्यांचा. पंपावर टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. पहिला महिना गाडी नेहमीसारखी वापरा. प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि त्याआधी गाडी किती तास उभी होती ते नोंदवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरा, म्हणजे किती लिटर लागले ते कळेल. दुसऱ्या महिन्यात कामे एकत्र करून फेऱ्या कमी करा आणि तोच हिशेब पुन्हा मांडा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर फेरीची सरासरी लांबी आणि उभ्या अक्षावर अॅव्हरेज घ्या. चार-पाच मित्रांच्या घरचे बिंदू एकत्र मांडता आले तर अधिक चांगले, मात्र गाड्या एकाच प्रकारच्या असाव्यात. बंद गॅरेजमध्ये चालू गाडीच्या मागे उभे राहून कोणतेही निरीक्षण करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि नोंदवहीत एसी चालू होता की नाही याचा एक रकाना जरूर ठेवा, नाहीतर मे महिन्याचे आकडे कशाशीच जुळणार नाहीत.